गोळीवर हक्क की गोळी बनवण्याच्या पद्धतीवर? सिप्लाच्या ख्वाजा हमीद यांची गोष्ट

मेडिकलच्या दुकानात एकाच औषधाच्या चार कंपन्यांच्या गोळ्या मिळतात. आतलं रसायन तेच, पाकिटावरचं नाव वेगळं आणि किंमतही वेगळी. याची आता इतकी सवय झाली आहे की कोणाला त्यात विशेष काही वाटत नाही.

साठ वर्षांपूर्वी मात्र भारतात चित्र वेगळं होतं. बाजारात आलेल्या अनेक नव्या औषधांची मालकी एकाच कंपनीकडे असायची, ती कंपनी बहुतेक वेळा परदेशी असायची आणि ती सांगेल तो भाव द्यावा लागायचा.

हे बदललं ते पेटंटच्या कायद्यातल्या एका फरकामुळे. पेटंट तयार वस्तूवर द्यायचं की ती बनवण्याच्या पद्धतीवर, एवढाच तो फरक. वकिलांच्या वादातला वाटणारा हा मुद्दा करोडो लोकांच्या औषधाच्या बिलाशी जोडलेला होता. तो ज्यांना रसायनशास्त्रज्ञ म्हणूनही कळत होता आणि कारखानदार म्हणूनही, अशा मोजक्या माणसांपैकी एक होते डॉ. ख्वाजा अब्दुल हमीद, म्हणजे सिप्लाचे संस्थापक.

अलिगढ ते बर्लिन

हमीद यांचा जन्म ३१ ऑक्टोबर १८९८ रोजी अलिगढमध्ये झाला. घरात शिक्षणाला मान होता. रसायनशास्त्राची गोडी लागली आणि ते अलाहाबादच्या म्युर सेंट्रल कॉलेजात दाखल झाले. १९२० मध्ये गांधीजींनी असहकाराची हाक दिली तेव्हा हमीदही त्या चळवळीत ओढले गेले. अलिगढमध्ये नव्याने सुरू झालेल्या जामिया मिलियात त्यांनी काही काळ शिकवलं.

पुढच्या शिक्षणासाठी परदेशी जायचं ठरलं. त्या काळात चांगल्या घरातला मुलगा शिकायला जायचा तो इंग्लंडलाच, आणि हमीद यांच्या घरच्यांचीही तीच इच्छा होती. हमीद मात्र गेले जर्मनीला. रसायनशास्त्र शिकायचं तर त्या काळात जर्मनीच्या तोडीचा देश नव्हता. बायर, हेक्स्ट, बीएएसएफ अशा कंपन्यांनी रंग आणि औषधांच्या धंद्यात जगावर पकड बसवली होती. बर्लिनमध्ये हमीद यांनी डॉक्टरेट मिळवली. तिथेच त्यांची लुबा या लिथुआनियाच्या ज्यू तरुणीशी ओळख झाली आणि १९२८ मध्ये दोघांनी बर्लिनमध्येच लग्न केलं.

हमीद ज्या देशात रसायनशास्त्र शिकत होते, त्याचा पेटंट कायदा कसा होता हे इथे पाहायला हवं. कारण पुढे भारतात जे झालं त्याचं मूळ बऱ्याच अंशी तिथे आहे.

मुंबई कोणाच्या मालकीची?

समजा, पुण्याहून मुंबईला जायचं आहे. एकाने मेहनत करून बोरघाटाचा रस्ता बांधला. सरकार त्याला म्हणालं की पुढची काही वर्षं या रस्त्यावर फक्त तुझा हक्क, इतरांनी तुझी परवानगी घ्यावी आणि तुला पैसे द्यावेत. हे झालं प्रोसेस पेटंट, म्हणजे पद्धतीवरचा हक्क. दुसऱ्या कोणी माळशेज घाटातून स्वतःचा वेगळा रस्ता काढला तर त्याला कोणी अडवू शकत नाही.

आता समजा, सरकार पहिल्या माणसाला म्हणालं की मुंबईच तुझी. मग कोणी कुठल्याही रस्त्याने आलं तरी वेशीवर त्याची परवानगी लागणार. हे झालं प्रॉडक्ट पेटंट, म्हणजे तयार वस्तूवरचा हक्क.

औषधांच्या बाबतीत हा फरक फार मोठा ठरतो, कारण एकच रसायन बनवायचे अनेक मार्ग असतात. सुरुवातीचा कच्चा माल बदलता येतो, टप्प्यांचा क्रम बदलता येतो, वेगळं उत्प्रेरक वापरता येतं. शेवटी हाती येणारा रेणू तोच असतो. कायदा पद्धतीलाच संरक्षण देत असेल तर हुशार केमिस्ट दुसरा मार्ग शोधतो आणि बाजारात दुसरा विक्रेता उभा राहतो. कायद्याने रेणूलाच संरक्षण दिलं तर दुसरा मार्ग सापडूनही उपयोग नाही.

जर्मनीने १८७७ मध्ये देशभरासाठी एकच पेटंट कायदा केला तेव्हा अन्नपदार्थ, औषधं आणि रासायनिक पदार्थ यांवर पेटंट देणं नाकारलं. ते बनवण्याच्या ठरावीक पद्धतीवर मात्र पेटंट मिळू शकत होतं. १८९१ मध्ये त्यात भर पडली ती अशी की पेटंट असलेल्या पद्धतीने थेट तयार झालेल्या मालालाही संरक्षण मिळेल. माल दुसऱ्या पद्धतीने बनवला असेल तर कोणाची आडकाठी नाही. त्यामुळे जर्मन कंपन्यांना सतत नव्या पद्धती शोधाव्या लागल्या आणि त्यासाठी केमिस्टांच्या फौजा पदरी ठेवाव्या लागल्या. औषधांवर आणि रसायनांवर प्रॉडक्ट पेटंट द्यायला जर्मनीने सुरुवात केली ती थेट १९६८ मध्ये. तोपर्यंत त्यांचा उद्योग चांगलाच वयात आला होता.

इंग्लंडची गोष्ट तर आणखी बोलकी आहे. पहिल्या महायुद्धाच्या वेळी इंग्लंडला कळलं की आपण रसायनांसाठी जर्मनीवर किती अवलंबून आहोत. मग १९१९ मध्ये त्यांनी आपला कायदा बदलला आणि रासायनिक पदार्थ, औषधं यांवरचं प्रॉडक्ट पेटंट बंद केलं. १९४९ पर्यंत ते तसंच राहिलं. भारतात मात्र इंग्रजांनीच केलेला १९११ चा पेटंट कायदा लागू होता आणि त्यात औषधांसाठी अशी सूट नव्हती. स्वतःच्या उद्योगासाठी इंग्लंडने जी सोय करून घेतली, ती वसाहतीच्या वाट्याला आली नाही.

मुंबई सेंट्रलचा भाड्याचा बंगला

भारतात परतल्यावर हमीद मुंबईत स्थिरावले. १९३५ मध्ये त्यांनी मुंबई सेंट्रलला एका भाड्याच्या बंगल्यात कंपनी सुरू केली. नाव होतं केमिकल, इंडस्ट्रियल अँड फार्मास्युटिकल लॅबोरेटरीज. याच शब्दांच्या आद्याक्षरांतून सिप्ला हे नाव तयार झालं. १९३७ मध्ये पहिली उत्पादनं बाजारात आली.

हमीद पेटंटच्या विरोधात होते असा समज करून घेतला तर ते चूक ठरेल. त्यांच्या स्वतःच्या नावावर पेटंट आणि औषधांची सूत्रं होती. ती सगळी त्यांनी रॉयल्टी न घेता कंपनीला दिली. शोध लावणाऱ्याला त्याच्या कष्टाचं फळ मिळावं हे त्यांना मान्यच होतं. पुढे जो वाद पेटला तो हक्क कुठपर्यंत जावा याचा होता.

४ जुलै १९३९ रोजी महात्मा गांधी सिप्लाच्या कारखान्यात येऊन गेले. लगेचच दुसरं महायुद्ध सुरू झालं आणि परदेशातून येणाऱ्या औषधांचा ओघ आटला. १९४१ पासून कंपनीने आपली सगळी यंत्रणा युद्धकाळात लागणाऱ्या औषधांसाठी आणि रसायनांसाठी वापरली. बाहेरून माल येणं थांबलं की देशात काय बनवता येतं आणि काय येत नाही, याचा हिशेब तेव्हा रोज समोर येत होता.

हमीद यांचं काम कारखान्यापुरतं राहिलं नाही. मुंबईच्या विधिमंडळात ते १९३७ पासून अनेक वर्षं होते. मुंबईचे नगरपालही झाले. फाळणीच्या राजकारणापासून ते लांब राहिले आणि आपला संसार, आपला कारखाना त्यांनी मुंबईतच ठेवला. देशाच्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेच्या, म्हणजे सीएसआयआरच्या उभारणीत त्यांचा वाटा होता आणि तिच्या नियामक मंडळावर त्यांनी दीर्घकाळ काम केलं. पुण्यातली राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, म्हणजे एनसीएल, ही याच परिषदेची. ती १९५० मध्ये सुरू झाली.

पद्धतीवरच्या पेटंटचा फायदा घ्यायचा तर नव्या पद्धती शोधू शकणारी माणसं देशात लागतात. दुसरा घाट खुला असून भागत नाही, तो खोदणाराही लागतो. म्हणून कायदा आणि प्रयोगशाळा या दोन गोष्टी एकमेकींवाचून अपुऱ्या होत्या. सिप्लाने १९५२ मध्ये स्वतःचा संशोधन विभाग सुरू केला आणि १९६० मध्ये विक्रोळीत दुसरा कारखाना उभा राहिला.

अय्यंगार अहवाल

स्वातंत्र्य मिळालं तरी पेटंटचा कायदा १९११ चाच होता. पेटंटची मुदत १६ वर्षांची होती. सरकारने आधी बक्षी टेकचंद यांची समिती नेमली, मग न्यायमूर्ती एन. राजगोपाल अय्यंगार यांच्यावर हे काम सोपवलं. अय्यंगार यांचा अहवाल सप्टेंबर १९५९ मध्ये आला.

त्यातलं वास्तव बोचरं होतं. भारतात दिलेल्या पेटंटपैकी ८० ते ९० टक्के पेटंट परदेशी लोकांच्या हातात होते आणि त्यातले ९० टक्क्यांहून जास्त भारतात वापरलेच जात नव्हते. म्हणजे कंपनी इथे पेटंट घ्यायची, कारखाना काढायची नाही आणि दुसऱ्यालाही बनवू द्यायची नाही. माल बाहेरून यायचा. अय्यंगार यांनी जर्मनीसह अनेक देशांचे कायदे तपासले आणि शिफारस केली की अन्न, औषधं आणि रासायनिक पदार्थ यांवर वस्तूचं पेटंट देऊ नये, फक्त बनवण्याच्या पद्धतीचं द्यावं.

त्याच सुमारास अमेरिकेत सिनेटर एस्टेस केफॉवर यांची समिती औषधांच्या किमतींची चौकशी करत होती. तिच्या पाहणीत असं दिसलं की भारतातल्या काही औषधांच्या, विशेषतः अँटिबायोटिक्सच्या, किमती जगात सर्वांत जास्त असलेल्यांपैकी होत्या. गरीब देशातला रुग्ण श्रीमंत देशातल्या रुग्णापेक्षा जास्त पैसे मोजत होता.

१९६१ मध्ये देशी औषध उत्पादकांनी मुंबईत इंडियन ड्रग मॅन्युफॅक्चरर्स असोसिएशन ही संघटना उभी केली. पेटंटचा कायदा बदलावा ही तिची मोठी मागणी होती आणि सिप्ला त्यात आघाडीवर होती. हमीद यांचे थोरले चिरंजीव युसुफ केंब्रिजमध्ये रसायनशास्त्रात डॉक्टरेट करून १९६० मध्ये कंपनीत आले होते. बापलेक दोघेही केमिस्ट, दोघेही या मागणीच्या मागे उभे.

पद्धतीचं पेटंटही कधी कधी भिंत होतं

विरोधही जोरदार होता. परदेशी कंपन्यांचं म्हणणं सरळ होतं. नवा रेणू शोधायला वर्षानुवर्षं लागतात, त्यात बहुतेक प्रयोग फसतात. एकदा रेणू सापडला की तो बनवायची दुसरी वाट काढणं तुलनेने सोपं. दुसरी वाट काढणाऱ्याला मोकळं सोडलं तर मूळ शोधावर पैसा कोण घालणार? हा प्रश्न खोटा नव्हता आणि आजही तो तितकाच खरा आहे.

पण पद्धतीच्या पेटंटमध्येही एक गोम होती. मुंबई उच्च न्यायालयातला एक गाजलेला खटला त्याचं उदाहरण आहे. मधुमेहावरच्या टोलब्युटामाइड या औषधाबद्दल जर्मनीच्या हेक्स्ट कंपनीकडे भारतात पेटंट होतं. मुंबईची युनिकेम लॅबोरेटरीज हेच औषध बनवून विकू लागली. हेक्स्टने दावा ठोकला. आपली पद्धत हेक्स्टच्या पेटंटमध्ये येत नाही, अशी युनिकेमची बाजू होती. पण पेटंटची भाषा इतकी ऐसपैस होती की युनिकेमची पद्धतही तिच्या कक्षेत आली आणि साठच्या दशकाच्या अखेरीस निकाल हेक्स्टच्या बाजूने लागला.

याचा अर्थ असा की एखाद्याने सुचतील तेवढ्या सगळ्या वाटा आपल्या अर्जात लिहून ठेवल्या, तर पद्धतीचं पेटंटही वस्तूच्या पेटंटसारखंच काम करतं. बोरघाट, माळशेज, कसारा असे सगळेच घाट एकाच्या नावावर झाले तर मुंबई त्याचीच झाली म्हणायची.

आणखी एक अडचण पुराव्याची. गोळी हातात घेऊन ती कुठल्या पद्धतीने बनली हे सांगता येत नाही. वस्तूचं पेटंट असेल तर बाजारातली गोळी दाखवली की काम झालं. पद्धतीचं पेटंट असेल तर दुसऱ्याच्या कारखान्याच्या आत काय चालतं ते सिद्ध करावं लागतं. म्हणूनच मोठ्या कंपन्यांना पद्धतीचं पेटंट कमजोर वाटतं.

१९७० चा कायदा

नव्या कायद्याचं विधेयक १९६५ मध्ये संसदेत आलं आणि बारगळलं. १९६७ मध्ये पुन्हा आलं. अखेर १९७० मध्ये पेटंट कायदा मंजूर झाला. त्याच्या कलम ५ मध्ये तो कळीचा फरक लिहिला गेला: अन्न, औषध किंवा रासायनिक प्रक्रियेने तयार होणारा पदार्थ असेल तर त्या पदार्थावर पेटंट मिळणार नाही, तो बनवण्याच्या पद्धतीवर मिळेल.

ऐसपैस पेटंटच्या भीतीवरही कायद्याने उपाय ठेवले. इतर शोधांना १४ वर्षांची मुदत होती. अन्न आणि औषधांच्या पद्धतींना मात्र अर्जाच्या बाजूने मोजून ७ वर्षं किंवा पेटंटवर मोहर उमटल्यापासून ५ वर्षं, यातली जी कमी असेल तेवढीच मुदत मिळाली. शिवाय तीन वर्षांनंतर अशी पद्धत वापरण्याचा परवाना कोणीही हक्काने मागू शकत होतं. मूळ मालकाला रॉयल्टी मिळत होती, पण नाही म्हणायची सोय राहिली नव्हती.

कायदा प्रत्यक्ष लागू झाला २० एप्रिल १९७२ रोजी. त्यानंतर जेमतेम दोन महिन्यांनी, २३ जून १९७२ रोजी, ख्वाजा हमीद यांचं निधन झालं. ज्या कायद्यासाठी त्यांच्या पिढीच्या उद्योजकांनी दहा-बारा वर्षं घालवली, त्याचं फळ पाहायला ते उरले नाहीत.

त्यानंतर काय झालं?

पुढच्या तीस वर्षांत भारतीय कंपन्यांनी एकामागून एक औषधांच्या नव्या पद्धती काढल्या. यातलं एक उदाहरण महाराष्ट्राच्या अंगणातलं आहे. आपल्याकडे कुंडीत सहज दिसणाऱ्या सदाफुलीपासून व्हिनब्लास्टिन आणि व्हिनक्रिस्टिन ही कर्करोगावरची औषधं मिळतात. ती तयार करण्याचं काम सिप्लाने पुण्याच्या एनसीएलबरोबर केलं आणि १९८४ मध्ये ते यशस्वी झालं.

सर्वांत मोठा क्षण आला २००१ मध्ये. तेव्हा एचआयव्हीच्या तीन औषधांच्या उपचाराला श्रीमंत देशांत वर्षाला माणशी १० ते १२ हजार डॉलर लागत होते. आफ्रिकेत लाखो माणसं औषधाविना मरत होती. युसुफ हमीद यांच्या सिप्लाने तीन औषधं एकाच गोळीत आणली आणि ती वर्षाला ३५० डॉलरमध्ये द्यायची तयारी जाहीर केली. हे शक्य झालं कारण कलम ५ मुळे भारतात त्या रेणूंवर कोणाचा हक्क नव्हता.

या व्यवस्थेची दुसरी बाजूही आहे. दुसऱ्याने शोधलेला रेणू नव्या पद्धतीने बनवण्यात भारतीय कंपन्या तरबेज झाल्या, पण स्वतःचा नवा रेणू शोधून जगाच्या बाजारात नेण्यात फार मागे राहिल्या. परदेशी कंपन्या ज्याची भीती दाखवत होत्या त्यातला काही भाग खरा ठरला.

१९९५ मध्ये भारत जागतिक व्यापार संघटनेत सामील झाला. तिच्या करारानुसार औषधांवरही वस्तूचं पेटंट देणं बंधनकारक होतं. त्यासाठी भारताला दहा वर्षांची सवलत मिळाली. ती संपली आणि १ जानेवारी २००५ पासून कलम ५ कायद्यातून गेलं. आज भारतात नव्या औषधाच्या रेणूवर २० वर्षांचं पेटंट मिळतं.

मात्र जाताना संसदेने एक आडणा लावून ठेवला. कलम ३ (ड) नुसार जुन्याच औषधाचं थोडं वेगळं रूप पुढे करून नवं पेटंट मागितलं, तर त्याने रुग्णाला होणारा गुण वाढतो हे दाखवावं लागतं. याच कलमामुळे १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ग्लिव्हेक या कर्करोगावरच्या औषधासाठी नोव्हार्टिसला पेटंट नाकारलं.

१९९५ च्या आधी शोधल्या गेलेल्या औषधांवर भारतात रेणूचा हक्क कोणाला मिळाला नाही. रक्तदाब, मधुमेह, संसर्ग यांच्यासाठी घराघरात रोज घेतल्या जाणाऱ्या कितीतरी गोळ्या त्या काळातल्या आहेत. त्या चार कंपन्यांच्या नावाने, चार किमतींना मिळतात त्यामागे कलम ५ ची ती ३२ वर्षं आहेत, आणि बर्लिनमध्ये रसायनशास्त्र शिकून मुंबई सेंट्रलच्या भाड्याच्या बंगल्यात कारखाना काढणाऱ्या हमीद यांच्यासारख्या माणसांची खटपट आहे.